गाडी ओढत नाही? आधी उभ्या गाडीचा हिशोब मांडा



या आठवड्याच्या व्हिडिओत पिकअप घेऊन धंदा सुरू करण्यावर बोललो. डाऊन पेमेंट, हप्ता, भाड्याचा रेट, सगळं आलं. पण एक विषय मी दोन मिनिटांत उरकला, आणि खरं तर पहिल्या दोन वर्षांत नव्या गाडीमालकाचं कंबरडं मोडतं ते तिथेच. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

चित्र डोळ्यासमोर आणा. चाळीसगावकडून केळी भरून तुमची गाडी कन्नडचा घाट चढतेय. सकाळी जाधववाडीच्या मार्केटला माल लागला पाहिजे. अर्ध्या घाटात गाडीचा दम जातो. पॅडल पूर्ण दाबलं तरी आरपीएम वर जात नाही, दुसऱ्या गिअरमध्ये रडत रडत चढते, मागे ट्रकची रांग. इंजिन बंद पडलेलं नाही, धूर नाही, खडखडाट नाही. फक्त ताकद नाही. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला.

ड्रायव्हर काय करतो? गाडी बाजूला घेतो, किल्ली बंद करतो, तंबाखू मळतो, पाच मिनिटांनी स्टार्टर मारतो. आणि गाडी व्यवस्थित चालायला लागते! तो तुम्हाला फोनही करत नाही. केला तर म्हणतो, "शेठ, जरा गरम झाली होती, आता ओके आहे."

नाही मित्रांनो, ओके नाहीये. इंजिनाच्या कंप्युटरला, म्हणजे ईसीयूला, कुठल्यातरी सेन्सरकडून चुकीचा किंवा धोक्याचा आकडा मिळाला. इंजिन वाचवायचं म्हणून त्याने ताकद मुद्दाम कमी केली. याला लिम्प मोड म्हणतात, आपल्याकडचे मेकॅनिक सेफ मोडही म्हणतात. किल्ली बंद-चालू केल्यावर बऱ्याच वेळा तो मोड सुटतो, पण कारण जिथल्या तिथे असतं. पुढच्या वेळी ते कुठे डोकं वर काढेल सांगता येत नाही, पण माझा अंदाज विचाराल तर गाडी भरलेली असेल आणि चढ असेल तेव्हाच. इंजिनाकडून सगळ्यात जास्त मागणी तेव्हाच होते ना!

माझं मत स्पष्ट आहे. पॉवर जाण्याचा प्रश्न गॅरेजमध्ये चिघळतो, कारण मालकाने घरी हिशोब केलेला नसतो. गाडी एक दिवस उभी राहिली तर किती रुपये जातात, हा आकडा बहुतेकांना सांगताच येत नाही. आणि आकडा माहीत नसला की माणूस पाचशे रुपये वाचवायला आठ हजार घालवतो.

चला, आकडाच काढू. समजा तुम्ही ९ लाखांचं कर्ज ५ वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतलं. हप्ता बसतो साधारण साडेएकोणीस हजार. महिन्यात कामाचे दिवस २६ धरा, म्हणजे रोजचे ७५०. ड्रायव्हरला १५ हजार पगार असेल तर रोजचे जवळपास ५८०. विमा, टॅक्स, टायर, फिटनेस यांचं वर्षाचं ओझं रोजावर वाटलं तर अडीचशे-पावणेतीनशे. झाले सोळाशे. डिझेलचा एक थेंब न जाळता, एक किलो माल न उचलता, रोज सकाळी उठलं की सोळाशे रुपये गेले. भाकड गाय दावणीला बांधली तरी चारा खातेच. यात बुडालेल्या भाड्याची कमाई मी अजून धरलेलीच नाही.

तुमचे आकडे वेगळे असतील. स्वतः चालवत असाल तर पगार वजा करा, पण मग स्वतःची मजुरी लावा. फुकट राबणाऱ्या माणसाचा धंदा कागदावर कायम नफ्यात दिसतो! जो आकडा येईल तो मोठ्या अक्षरात लिहून गाडीच्या सनवायझरला चिकटवा. पुढचं सगळं त्या आकड्याच्या उजेडात वाचा.

कानाने निदान करायचे दिवस गेले

टाटा एस, आपला छोटा हत्ती, २००५ मध्ये बाजारात आला. तेव्हा त्यात दोन सिलिंडरचं जेमतेम ७०० सीसीचं डिझेल इंजिन होतं, ताकद १६ हॉर्सपॉवर, टर्बो नाही. असल्या इंजिनाची ताकद गेली तर बघायच्या जागा मोजक्या: डिझेल येतंय का, हवा येतेय का, पंप-नोझल ठीक आहे का, कॉम्प्रेशन आहे का. जुना मिस्त्री आवाज ऐकून सांगायचा आणि त्याचं बहुतेक वेळा बरोबर यायचं. त्या माणसांबद्दल मला आदर आहे, आजही.

पण १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ आलं. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० वर आली आणि गाड्यांच्या सायलेन्सरला धूर साफ करणारी यंत्रणा लागली. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा आला, त्यात गाडीने स्वतःवर लक्ष ठेवायचे नियम आणखी कडक झाले. आता तीच 'ओढत नाही' ही तक्रार दहा-बारा ठिकाणांहून येऊ शकते आणि त्यातली निम्मी ठिकाणं कानाला ऐकूच येत नाहीत.

काही ऐकू येतात, ती आधी सांगतो. टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा रबरी होज फाटला किंवा त्याची क्लिप सैल झाली की पॅडल दाबताना 'फुस्स' असा आवाज येतो आणि ताकद जाते. बऱ्याचदा काळा धूरही दिसतो. क्लिप आवळायला दहा मिनिटं लागतात. अशा गाडीला 'टर्बो गेला' म्हणून नवा टर्बो बसवला जातो तेव्हा माझ्या पोटात कालवतं. डिझेल फिल्टर चोक झाला असेल तर रिकामी गाडी छान पळते आणि भरली की मरते. पावसाळ्यात डिझेलमधलं पाणी हे आणखी एक कारण. फिल्टरच्या तळाला पाणी काढायचा स्क्रू असतो, तो कुठे आहे हे ड्रायव्हरला दाखवून ठेवा. आणि हो, कॅनमधून मिळणारं स्वस्त 'डिझेल' नकोच. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारच्या पुढच्या दाबाने जातं, त्याला भेसळ सहन होत नाही. लिटरमागे वाचवलेले दहा रुपये इंजेक्टरचं बिल एका दिवसात वसूल करतं.

एअर फिल्टरचं वेगळं सांगायला नको, पण सांगतोच. आपल्या भागात उन्हाळ्यात रस्त्यांची कामं आणि फुफाटा, त्यात कंपनीच्या पुस्तकातलं अंतर तंतोतंत पाळून भागत नाही. धुळीत काम करणाऱ्या गाडीला फिल्टर लवकर बघावा लागतो, हे त्या पुस्तकातही लिहिलेलं असतं. वाचतं कोण?

मग न दिसणारी कारणं. हवेचा दाब मोजणारा सेन्सर काजळीने माखला. ईजीआर व्हॉल्व उघडा अडकला. ॲक्सिलरेटर पॅडलच्या सेन्सरचा संपर्क तुटला, मग पॅडल दाबा नाहीतर नका दाबू. ज्या गाड्यांना युरियाची वेगळी टाकी असते, तिथे टाकी संपू दिली की यंत्रणा इशारे देऊन ताकद कमी करू शकते. आणि मार्केट यार्डात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा खास शत्रू म्हणजे उंदीर! हौद्यात सांडलेलं धान्य, भाजीचा पाला, गरम इंजिन, थंडीची रात्र. उंदराने वायर कुरतडली की गाडी कुठलाही विचित्र कोड दाखवते. हौदा रोज झाडा, इतकंच सांगतो.

आधी निदानाचे पैसे द्या

आता मुद्द्यावर. गाडी गॅरेजला नेली की आपण काय म्हणतो? "बघा जरा, ओढत नाही, आणि खर्च जास्त करू नका." मेकॅनिक काय करणार? स्वस्तातला पार्ट आधी बदलणार. फिल्टर बदलला, नाही झालं. दुसऱ्या दिवशी सेन्सर मागवला, तो संध्याकाळी आला, तोही नव्हता. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं ईजीआर साफ करा. पाचव्या दिवशी होजची चीर सापडली. पार्टचे पैसे गेलेच, शिवाय सोळाशे गुणिले पाच, आठ हजार उभ्या गाडीने खाल्ले.

म्हणून वाक्य बदला. "दादा, आधी स्कॅनर लावा, कोड वाचा, टेस्ट करा. तपासणीचे वेगळे पैसे मी देतो, पार्ट लागो न लागो." मेकॅनिकला त्याच्या डोक्याचे पैसे मिळाले तर तो पार्टच्या कमिशनवर जगणार नाही. आपल्याकडे डॉक्टरला फी देताना कुणी म्हणत नाही की गोळी दिली तरच पैसे देईन. गाडीच्या बाबतीत मात्र आपण तसंच वागतो आणि मग फसवलं म्हणून ओरडतो.

दोन गोष्टी सांभाळा. कोड वाचायच्या आधी पुसू देऊ नका. "मारून टाकतो सगळे कोड" म्हणत काही जण आधीच रिसेट करतात, म्हणजे चोराचे ठसे आपणच पुसले. आधी स्क्रीनचा फोटो काढा, किलोमीटर लिहा, मग पुढे. दुसरं, कोड म्हणजे निकाल नव्हे. 'टर्बोचा दाब कमी' असा कोड आला याचा अर्थ टर्बो खराब असा होत नाही. दाब कमी का, हे शोधायचं बाकीच असतं: होज फाटला असेल, सेन्सर खोटं बोलत असेल, व्हॅक्यूमची नळी निघाली असेल. कोड वाचून सरळ पार्टची ऑर्डर देणारा माणूस फक्त स्क्रीन वाचतोय, गाडी नाही.

मोबाईलला जोडायचे छोटे स्कॅनर आता हजार-दोन हजारांत मिळतात. सगळ्या गाड्यांचे सगळे कोड त्यात दिसत नाहीत, तरी दोन गाड्यांच्या पुढे गेलात तर घ्या. स्वतः दुरुस्त करायला नाही, फोनवर मेकॅनिकशी बोलताना काहीतरी हातात असावं म्हणून.

वॉरंटीतली गाडी असेल तर ही सगळी चर्चा सोडा आणि सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: 'भरलेल्या गाडीत चढावर ताकद जाते, किल्ली बंद-चालू केल्यावर परत येते.' नुसतं 'पिकअप कम' लिहिलं तर ते रिकामी गाडी सपाट रस्त्यावर फिरवून 'ओके' म्हणून परत देतील.

डीपीएफ: वीस मिनिटांची बचत

ज्या बीएस-६ डिझेल गाड्यांना डीपीएफ आहे त्यांच्या मालकांनी हा भाग दोनदा वाचा. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरमधली काजळी धरून ठेवणारी जाळी. ती भरली की गाडी स्वतःच तापमान वाढवून, साधारण ६०० अंशांपर्यंत, काजळी जाळून टाकते. याला रिजनरेशन म्हणतात. पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग चालावी लागते.

आता आपल्या शहरातला धंदा बघा. जाधववाडीतून माल उचलला, सिडकोत दोन दुकानं, गारखेड्यात एक, मुकुंदवाडीत एक. पाच-पाच किलोमीटरचे तुकडे, प्रत्येक ठिकाणी इंजिन बंद. जाळी भरत राहते, जळायला वेळच मिळत नाही. मध्येच दिवा लागतो. ड्रायव्हरला वाटतं, आधी डिलिव्हरी, मग बघू. अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनमुळे काही इंजिनांत डिझेल ऑईलमध्ये उतरतं, ते वेगळंच दुखणं. शेवटी गाडी लिम्प मोडमध्ये जाते.

दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा गाडीच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सलग चालवली, साधारणपणे पन्नास-साठच्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं, तर काम तिथेच मिटतं. बीड बायपासला किंवा जालना रोडला शेंद्र्यापर्यंत एक चक्कर. डिझेल लागेल दीड-दोनशे रुपयांचं. ते टाळलं तर सर्व्हिस सेंटरला मशीन लावून जाळावं लागतं, तेही टाळलं तर जाळीच उतरवावी लागते आणि बिल हजारांच्या पुढच्या शून्यात जातं. शहरात फिरणाऱ्या गाडीला आठवड्यातून एक लांबचं भाडं ठरवूनच द्या, लासूर, पैठण, कुठलंही. चक्करही होईल आणि पैसेही मिळतील. रिजनरेशन चालू असताना गाडी वाळल्या गवतावर किंवा पाचटावर उभी करू नका, सायलेन्सर भयंकर तापलेला असतो.

इथेच तो प्रसिद्ध जुगाड येतो. "जाळीच काढून टाकू, सॉफ्टवेअर मारून देतो, गाडी जुन्यासारखी पळेल." पळते, खोटं नाही. म्हणूनच लोक भुलतात. पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या गाडीत असे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. वॉरंटी गेली, फिटनेसच्या वेळी लपवाछपवी, विकताना भाव पडला. आणि कायदा बाजूला ठेवा. त्या गाडीमागे स्कूटरवर शाळेत जाणारं पोर तो धूर गिळतं. मी या जुगाडाचा व्हिडिओ कधीही करणार नाही, मागणी कितीही येऊ द्या.

ओव्हरलोडचंही तेच. दीड टनाच्या गाडीत अडीच टन घालून 'पॉवर नाही' म्हणणाऱ्याला काय सांगायचं? कलम १९४ प्रमाणे दंड २० हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. एका जादा खेपेच्या भाड्यात तो कधी निघतो, तुम्हीच भागाकार करा.

गाडी थांबली, गिऱ्हाईक थांबू नये

वाळूजच्या एखाद्या व्हेंडरचा माल शेंद्र्याच्या लाईनवर ठरलेल्या वेळेला लागतो. तुमची गाडी नगर नाक्यावर लिम्प मोडमध्ये गेली तर त्या माणसाला तुमच्या ईजीआरशी देणंघेणं नसतं. त्याची लाईन थांबली तर पुढच्या महिन्यात तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये खाली जातो. दुरुस्तीच्या बिलापेक्षा हे नुकसान मोठं, आणि ते कुठल्याच वहीत दिसत नाही.

शेतकऱ्यांत सावड असते. तुझे बैल आज माझ्या रानात, माझे उद्या तुझ्या. पिकअपवाल्यांनीही तेच करावं. तुमच्याच भागातले, तुमच्याच साईजच्या गाडीचे दोन मालक निवडा आणि आधीच बोलून ठेवा: कुणाची गाडी अडली तर दुसऱ्याने तासाभरात माल उचलायचा, भाडं त्याचं, गिऱ्हाईक मूळ मालकाचं. शेवटचा मुद्दा तोंडी ठेवू नका, व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा. गिऱ्हाईक पळवायची भीती वाटते? वाटू द्या. पण माल वेळेत न पोहोचल्यावर गिऱ्हाईक पळवावं लागत नाही, ते स्वतःच जातं.

आणि फोन तुम्ही करा, गिऱ्हाईकाचा यायच्या आत. "साहेब, गाडीत बिघाड आहे, माल सुरक्षित आहे, दुसरी गाडी निघालीय, चाळीस मिनिटं उशीर होईल." एवढंच. 'ट्रॅफिक आहे', 'पोहोचतोच' ही वाक्यं बंद करा. वाळूजमधल्या डिस्पॅचवाल्यांनी ती इतक्या वेळा ऐकलीत की त्यांना ती पाठ आहेत.

अजून गाडी घेतली नसेल तर

मग तुम्ही नशीबवान. आधी रूट कागदावर काढा, गाडी नंतर. रोजच्या फेऱ्या शहरातल्या शहरात, छोट्या तुकड्यांच्या असतील तर डीपीएफवाली डिझेल गाडी हा चुकीचा सौदा आहे, शोरूममधला माणूस काहीही म्हणो. सीएनजी बघा, पण पंपावरची रांग स्वतः दोन दिवस सकाळी उभं राहून मोजा, कारण रांगेतला तासही सोळाशेच्या हिशोबातच येतो. इलेक्ट्रिकमध्ये टाटा एसचंच मॉडेल २०२२ पासून आहे, ठरलेल्या छोट्या रूटला विचार करण्यासारखं. उलट कन्नड किंवा अजिंठ्याचा घाट, जळगावची केळी, लांब पल्ला हे तुमचं काम असेल तर डिझेलला अजून तोड नाही आणि तिथे जाळीचा त्रासही कमी होतो.

जुनी गाडी घेत असाल तर रिकामी चालवून बघू नका. मालकाला सांगा, हौद्यात माल किंवा वाळूची पोती टाकू, चढावर नेऊ. स्कॅनर लावून कोड बघा, आणि 'एकही कोड नाही, सगळं आताच पुसलंय' असं दिसलं तर पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा बघा. सायलेन्सरखाली वाकून जाळी जागेवर आहे का ते बघा, नवं वेल्डिंग दिसलं तर कुणी कापून परत जोडलंय का ते विचारा. मालक या तपासणीला नाही म्हणाला तर चहा पिऊन निघा, दुसरी गाडी मिळेल.